मैत्रिणींचा माग माहेरून काढा

पत्र

मी शहात्तर वर्षांची आहे. नागपुरातच लहानाची मोठी झाले, १९७० साली इथल्याच एका महिला महाविद्यालयातून बी.ए. केलं आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. मिस्टरांची नोकरी सरकारी, त्यामुळे चंद्रपूर, नांदेड, नाशिक असं फिरलो आणि निवृत्तीनंतर परत नागपूर. तीन वर्षांपूर्वी ते गेले. आता मी मनीषनगरला मुलगा-सुनेजवळ राहते.

मिस्टर इंजिनिअर होते. त्यांच्या बॅचचा मेळावा दरवर्षी व्हायचा. मीही जायची, आम्ही बायका एका बाजूला बसायचो. त्यांचे मित्र अजून दिवाळीला आठवणीने फोन करतात. फोन ठेवला की मला वाटतं, माझ्या वर्गातल्या मुली कुठे गेल्या? आम्ही पस्तीस-चाळीस जणी होतो. आज संपर्क फक्त दोघींशी आहे, एक जबलपूरला आणि एक इथेच धरमपेठेत. सुनेने फेसबुकवर शोधलं, पण एकही सापडली नाही. सगळ्यांची आडनावं बदललेली, कित्येकींची तर नावंही. कॉलेजात गेले तर खिडकीवरच्याने ऑनलाइन फॉर्म भरायला सांगितलं. त्यात ईमेल आणि पीआरएन नंबर, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, मागतात. परत आले.

धरमपेठेतली मैत्रीण म्हणते, "आता कशाला उकरून काढून राहिली? निम्म्या तर गेल्या असतील." खरं सांगू का, मलाही तीच भीती वाटते. दुसरी भीती अशी की, ज्या भेटतील त्या प्राध्यापक, अधिकारी झालेल्या असतील. मी घरीच राहिले. तिथे जाऊन माझं काय सांगू? या वयात हा नाद करावा का? आणि करायचा तर कसा?

एक वाचक, नागपूर

उत्तर

प्रिय काकू,

करावा. आणि पुढच्या वर्षावर टाकू नये. तुमच्या दोन्ही भीतींकडे मी येणारच आहे, पण आधी शोधाचं बोलू. तुम्ही शोध सुरू केलात तो अवघड बाजूने केलात, आणि त्यामुळे सगळंच अशक्य वाटायला लागलं, असं मला पत्र वाचताना वाटलं.

काकांच्या बॅचचं काम सोपं होतं. पुरुषाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव जन्मभर तेच राहतं. हजेरीपटावर होतं तेच नोकरीच्या कागदावर आणि तेच दारावरच्या पाटीवर. तुमच्या वर्गातल्या मुलीचं तसं झालं नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, मग तेच रेशनकार्डावर चढलं, बँकेत गेलं, पुढे आधारवर आलं. तुम्ही जिला शोधताय त्या नावाची बाई आज कुठल्याच चालू कागदावर नाही. मग सुनेला ती फेसबुकवर कशी सापडणार? माझ्याकडे जुन्या वर्गमित्रांच्या भेटीगाठींबद्दल जी पत्रं येतात त्यांत काकांची फार आणि काकूंची थोडी असतात. त्याचं मोठं कारण हेच असावं.

तिचं ते नाव एका ठिकाणी मात्र अजून रोजच्या वापरात आहे, ते म्हणजे तिचं माहेर. तिथे ती आजही त्याच नावाची ताई, आत्या, नणंद आहे. म्हणून शोध तिथूनच सुरू करा. धरमपेठेतल्या मैत्रिणीकडे एक दुपार जा, सोबत वही न्या, आणि आठवायला बसाल तेव्हा रोल नंबरने आठवू नका, वस्तीने आठवा. महालातून कोण यायच्या, इतवारीतून कोण, धंतोलीच्या कोण, सदरमधल्या कोण. वाटेत कोणाला हाक मारून पुढे जायचात, कोणाच्या घरी पाणी प्यायला थांबायचात, हे आठवलं की नावं आपोआप येतात. प्रत्येकीच्या नावापुढे तिच्याबद्दल नव्हे, तर तिच्या घराबद्दल लिहा. वडील पोस्टात होते की कापसाच्या व्यापारात, भाऊ कोणत्या शाळेत होता, वाडा कोणाचा होता, जवळ कोणतं देऊळ होतं. वाड्याच्या जागी आज फ्लॅट स्कीम उभी असेल, दुकान विकलं गेलं असेल. तरीही जुन्या वस्तीत एखादं घर असं असतंच जिथे साठ वर्षांचा सगळा हिशोब तोंडपाठ असतो. मुलाला एका रविवारी गाडी काढायला लावा आणि तिथे जाऊन विचारा. फोनवर हे काम होत नाही. अनोळखी आवाजाला आजकाल कोणी काही सांगत नाही आणि सांगूही नये. दारात शहात्तर वर्षांच्या काकू उभ्या राहिल्या की मात्र घरातली सगळी मंडळी आठवायला लागतात.

हॉस्टेलच्या मुलींचं वेगळं. तुमच्या वेळी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा हा सगळा भाग नागपूर विद्यापीठाखाली होता. अमरावती विद्यापीठ झालं १९८३ साली आणि चंद्रपूर-गडचिरोलीसाठीचं गोंडवाना विद्यापीठ तर २०११ मध्ये. त्यामुळे तुमच्या वर्गात वऱ्हाडातल्या आणि झाडीपट्टीतल्याही मुली असणार. पुसद, वाशीम, आर्वी, तुमसर अशा गावांत माहेरचं घर शोधणं नागपूरपेक्षा सोपं जातं, कारण आडनाव आणि वडिलांचं काम एवढं सांगितलं तरी बहुतेक वेळा पुरतं.

जबलपूरच्या मैत्रिणीला तिकडची बाजू द्या. १९५६पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यांची फेररचना झाली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. तुमच्या पिढीतल्या किती मुली जबलपूर, रायपूर, भिलाई, इंदूरला दिल्या गेल्या हे तुम्हीच मला सांगू शकाल. तिकडे मराठी मंडळींच्या जुन्या संस्था आहेत, गणपती आणि कोजागिरीला सगळ्या एकत्र येतात. "नागपूरचं माहेर असलेली, सत्तर सालची बी.ए." एवढी चौकशी तिने तिथे केली की पुष्कळ झालं.

फेसबुक सोडू नका, फक्त उलटं वापरा. सुनेला सांगा की तुमच्या प्रोफाइलवर माहेरचं नाव जोडायची सोय आहे, ती वापर. मग घरात कुठेतरी कॉलेजचा ग्रुप फोटो असेल तो शोधा. त्या काळच्या फोटोंना जाड पुठ्ठा असायचा आणि खाली ओळीने नावं छापलेली असायची, तशी असतील तर सोन्याहून पिवळं. खिडकीजवळच्या उजेडात त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि कॉलेज, साल, तुमचं माहेरचं नाव एवढंच लिहून टाका. तुमच्या मैत्रिणी फेसबुकवर नसतील, पण त्यांच्या मुली, भाच्या, सुना आहेत. आईचा वीस वर्षांचा चेहरा ओळखणारी मुलगी त्या फोटोवर थांबेल. फोन नंबर मात्र तिथे उघड लिहू नका. आणि जी सापडेल तिचं नाव फोनमध्ये दोन्ही नावांनी, गावासकट साठवा, नाहीतर सहा महिन्यांनी हीच कोण म्हणून तुम्हीच विचारात पडाल.

पस्तीस-चाळीस जणींचा आकडा डोक्यातून काढून टाका. सहा-आठ जणी मिळाल्या तरी भेट ठरवा. पूर्ण यादीची वाट पाहत बसलात तर हिवाळा निघून जाईल.

शोधताना एका गोष्टीची आठवण ठेवा, आणि हे मी आग्रहाने सांगते. तुमच्याबरोबर पहिल्या वर्षाला असलेल्या, पण मध्येच लग्न ठरलं म्हणून, वडील गेले म्हणून, घरून नको म्हणाले म्हणून कॉलेज सुटलेल्या मुली असतीलच. कॉलेजच्या फॉर्ममध्ये उत्तीर्ण झाल्याचं साल विचारतात, त्यामुळे त्या कुठल्याच यादीत येत नाहीत. तुमच्या यादीत त्यांना घ्या, आणि आवर्जून बोलवा. पदवी न मिळाल्याची बोच तिने इतकी वर्षं कोणाजवळ काढलीही नसेल, आणि आपल्याला बोलावणं येईल असं तर तिच्या स्वप्नातही नसेल.

एखादी नाहीही म्हणेल. कोणाचा संसार अवघड गेला असेल, कोणाला ते दिवसच आठवायचे नसतील. एकदा विचारा, तुमचा नंबर ठेवा आणि तिथेच थांबा. दुसरीकडून तिला निरोप धाडणं, "तिला समजवा ना" म्हणणं, हे करू नका.

आता तुमची भीती. "मी घरीच राहिले, माझं काय सांगू?" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. काकू, १९७१च्या जनगणनेत आपल्या देशातल्या स्त्रियांचं साक्षरतेचं प्रमाण साधारण २२ टक्के होतं. शंभरातल्या ७८ जणींना अक्षरओळखही नव्हती त्या काळात तुम्ही बी.ए. झालात. त्यानंतर बदलीच्या प्रत्येक गावात नव्याने घर लावलंत, मुलांच्या शाळा सांभाळल्यात. याला काहीच केलं नाही म्हणायची सवय तुम्हाला काकांच्या मेळाव्यात बाजूला बसून लागली असेल. तिथे तुम्ही कोणाची तरी पत्नी म्हणून होतात. इथे येणारी एकही जण कोणाची पत्नी म्हणून येणार नाही. शिवाय ज्या प्राध्यापक झाल्या त्यांना निवृत्त होऊन पंधरा वर्षं होऊन गेली आहेत, आणि त्यांचेही गुडघे तुमच्याइतकेच दुखतात. तुमच्या मैत्रिणींजवळ तुमची जी ओळख आहे ती नोकरीच्याही आधीची आहे आणि संसाराच्याही. तुम्ही कोणत्या बाकावर बसायच्या, कोणत्या मॅडमची नक्कल करायच्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी रडायच्या की हसायच्या, हे त्यांच्याशिवाय आता कोणाला ठाऊक आहे? तुमच्या मुलालाही नाही.

तरी एक व्यवस्था तुम्ही करू शकता, कारण भेट तुम्ही बोलावणार आहात. ओळखीच्या फेरीत १९७०च्या पुढचं काही सांगायचं नाही, असा नियम ठेवा. मुलं कुठे, नातवंडं काय शिकतात, घरं किती, हे सगळं जेवणानंतर. आधी प्रत्येकीने कॉलेजातली एक गोष्ट सांगायची. शक्य असेल तर तेव्हाची एक वस्तू आणायची, वही, ओळखपत्र, बक्षिसाचं पुस्तक, काहीही. विषय संपेल याची काळजी नको. वयस्कर माणसांना आयुष्यातल्या बाकी काळापेक्षा साधारण दहा ते तीस या वयातलं जास्त आणि जास्त स्पष्ट आठवतं, हे मानसशास्त्राच्या अभ्यासातून वारंवार दिसलेलं आहे. जेवणानंतर अमेरिकेतल्या मुलांच्या गोष्टी निघतीलच. निघू द्या. ज्यांना सांगायचंय त्यांना सांगू द्या, तासाभरात ते ओसरतं आणि कोणीतरी पुन्हा हॉस्टेलच्या खिडकीवर येतं.

मैत्रिणी गेल्या असतील ही भीती मात्र खरी आहे, ती मी पुसून टाकू शकत नाही. काही जणी नसतील. एखाद्या भावाच्या घरी तुम्ही जाल आणि तो सांगेल, ताई जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हा "अरेरे" म्हणून उठू नका. थोडं बसा आणि तिची कॉलेजातली एक आठवण त्या घरातल्यांना सांगा. तिच्या मुलांनी आई पाहिली ती स्वयंपाकघरातली, दवाखान्यातली. अठराव्या वर्षी ती वादविवाद स्पर्धेत कशी बोलायची हे त्यांना सांगणारं कोणी उरलेलं नाही. तिच्या मुलीला भेटीला यावंसं वाटलं तर येऊ द्या. धरमपेठेतल्या मैत्रिणीलाही हेच सांगा. निम्म्या गेल्या असतील तर निम्म्या आहेत, आणि गेलेल्यांच्या लेकी आहेत. ज्या गेल्या आहेत त्यांची नावं सगळ्यांना भेटीच्या आधीच फोनवर कळवा. जेवणाच्या पंगतीत कोणी "ती का नाही आली गं?" विचारावं आणि सगळ्या गप्प व्हाव्यात, असं व्हायला नको.

एखादी भेटेल पण तिला आठवत नसेल. स्मृतिभ्रंश हा या वयात अनेक घरांत आहे. तिच्या समोर गेल्यावर "मला ओळखलंस का?" असं कधीही विचारू नका. ती परीक्षा असते आणि ती नापास होणार हे तिलाही आतून कळतं. तुमचं नाव तुम्हीच सांगा, "आपण एका वर्गात होतो" म्हणा, जुना फोटो तिच्या हातात द्या. तेव्हाचं एखादं भावगीत गुणगुणा. कालचं जेवण न आठवणाऱ्या माणसाला कडवंच्या कडवं गाणं येतं, हे मी पाहिलेलं आहे. तिने चुकीचं काही सांगितलं तर दुरुस्त करू नका. आणि तिला सांभाळणाऱ्या सुनेची किंवा मुलीची विचारपूस करा, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

भेट कधी ठेवायची? डिसेंबर टाळा. हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात असतं, मोर्च्यांमुळे सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, आणि बाहेरून येणाऱ्यांना राहायची जागाही मिळत नाही. जानेवारीत संक्रांत झाली की लगेचची तारीख घ्या. थंडी सोसवते, ऊन हवंहवंसं असतं. पण संक्रांत आली की कोणीतरी म्हणणारच, "हळदीकुंकूच ठेवू या ना." काकू, ते होऊ देऊ नका. शहात्तरीच्या बायका जमतील तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक तुमच्यासारख्या एकट्या असतील. अजूनही पुष्कळ घरांत हळदीकुंकवाचं आमंत्रण म्हटलं की विधवा बाई आपणच मागे सरते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, सरकारने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. पण ठरावाने मनातला संकोच एका दिवसात जात नाही. नुसता तिळगूळ ठेवा, सगळ्यांना सारखा, आणि आमंत्रणात तिळगुळाची भेट असंच लिहा. वाण द्यायचंच असेल तर त्या ग्रुप फोटोची प्रत द्या.

जागेसाठी मोठ्या हॉटेलचा हॉल घेऊ नका. तिथे आवाज घुमतो, आणि कानाला यंत्र लावलेल्या बाईला घुमणाऱ्या आवाजात काही उमगत नाही. ती मग दोन तास नुसती हसत बसते. कोणाचंतरी तळमजल्यावरचं घर सगळ्यांत चांगलं. हात टेकायला दांडी असलेल्या खुर्च्या, गोलाकार मांडलेल्या, म्हणजे प्रत्येकीला प्रत्येकीचे ओठ दिसतात. त्याच मजल्यावर कमोडचा संडास. माइक नको, भाषण नको, सत्कार तर मुळीच नको. अकराला जमा, तीनला उठा, म्हणजे सगळ्या उजेडात घरी पोचतात. जेवण आपलंच, वडाभात करा, सोबत कढी. पुडाची वडी हवीच असेल तर मऊ करा, दातांचा विचार करा. औषधाच्या गोळ्या जेवणाआधी घेणाऱ्या असतील, म्हणून जेवणाची वेळ आमंत्रणातच कळवा.

धरमपेठेत ठेवलंत तर तुम्ही उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगरहून मेट्रोने येऊ शकता, सीताबर्डीला गाडी बदलायची. लिफ्ट आहेत, जिना चढावा लागत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, आणि त्याहून लहान असलेल्या बायकांना अर्धं तिकीट. तेव्हा अकोला-यवतमाळच्या मैत्रिणींना खर्चाचं कारण उरत नाही, फक्त आधार कार्ड जवळ ठेवायला सांगा. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. जबलपूरची मैत्रीण रेल्वेने येईल. रेल्वेची ज्येष्ठांची भाड्यातली सूट २०२०च्या मार्चपासून बंद आहे, पण खालचा बर्थ मागता येतो. तिचं तिकीट वेळेत काढा आणि तिला चार दिवस तुमच्याकडेच राहू द्या.

कॉलेजात पुन्हा जा, पण खिडकीवर नका जाऊ. पीआरएन नंबर ही अलीकडची गोष्ट आहे, तुमच्या वेळी तो नव्हताच, तेव्हा तो रकाना भरता येत नाही यात तुमची चूक नाही. फॉर्मवरचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ हे तुमचंच विद्यापीठ, १९२३चं. नाव २००५ मध्ये दिलं गेलं. पदवीची झेरॉक्स घ्या, जुना फोटो घ्या, आणि माजी विद्यार्थी समितीचं काम बघणारे प्राध्यापक कोण, असं विचारा. ते भेटले नाहीत तर आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना भेटा. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची स्वतंत्र नोंद असते, त्यामुळे सत्तर सालच्या विद्यार्थिनी स्वतःहून आल्या आहेत ही गोष्ट त्या खोलीत बसलेल्या माणसाला नीट समजते. खिडकीवरच्याला ती समजावी अशी अपेक्षा नको, त्याच्यासमोर रांग असते.

त्यांच्याकडे मैत्रिणींचे पत्ते मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊ नयेत. ग्रंथालयात १९६७ ते ७०चे वार्षिकांक असतील तर बसून पाहू द्या, एवढं मागा. त्यांत नावं असतात, फोटो असतात, कविता असतात, आणि स्नेहसंमेलनाच्या वृत्तांतात तर निम्मा वर्ग सापडतो.

आणि कॉलेजला काय द्यायचं? देणगीचा विचार तुमच्या मनात आला असेल. जमेल तर द्या, चेकने द्या आणि पावती घ्या. रोख दोन हजारांच्या वर दिले तर देणगीवरची करसवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती सवलत नाहीच. स्वतःची नोंदणीकृत संघटना काढायला कोणी सुचवलं तर नको म्हणा. त्याला किमान सात सदस्य लागतात, मग धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दरवर्षीचे हिशोब, पदाधिकारी बदलले की बदल अहवाल. तुमच्या वयाच्या आठ जणींनी हे ओझं का घ्यावं? कॉलेजची संघटना असेल तर तिच्यात नाव घाला.

पैशापेक्षा मोठी गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे तुमची आठवण. त्या वेळी वर्गात मुली किती होत्या, सायकलवर येणारी पहिली कोण, घरून परवानगी कशी मिळवली, प्राध्यापक कसे शिकवायचे, फी किती होती आणि ती कोणाच्या घरी जड जायची. हे कॉलेजच्या कोणत्याही दप्तरात नाही. आता नव्या अभ्यासक्रमात मुलींना फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. मराठी किंवा इतिहासाच्या विभागप्रमुखांना सांगा की आम्ही आठ जणी आहोत, दोन-दोन विद्यार्थिनी आमच्या घरी पाठवा, आम्ही बोलू, त्यांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावं आणि ते ग्रंथालयात ठेवावं. तुमचं बोलणं ऐकायला वीस वर्षांची मुलगी घरी आली, की "मी काय सांगू" हा प्रश्न तुम्हाला पुन्हा पडणार नाही, याची मला खात्री आहे.

भेटीनंतर व्हॉट्सॲपचा ग्रुप होईल. त्यावर सुप्रभातचे फोटो आणि राजकारण यायला दोन दिवस लागतात, आणि मग ज्यांची नजर अधू आहे त्या बघणंच सोडतात. लिहिण्याऐवजी आवाजात निरोप पाठवायची सवय लावा. ऐकायला सोपं, आणि आवाजावरून तब्येतही कळते. दोघी-दोघींच्या जोड्या करा, जोडीने आठवड्यातून एकदा एकमेकींना फोन करायचाच. प्रत्येकीच्या घरातल्या एका तरुण माणसाचा नंबर एकीकडे लिहून ठेवा. आणि मैत्रिणीच्या फोटोवरून "अडचणीत आहे, पैसे पाठव" असा निरोप आला तर तिला स्वतः फोन लावून आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही, हे पहिल्याच भेटीत सगळ्यांना सांगा. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करायचा.

तुमच्या पत्रात कॉलेजचं नाव आहे, ते मी इथे छापलेलं नाही. तुमची हरकत नसेल तर पुढच्या आठवड्याच्या सदरात कॉलेज, १९७० हे साल आणि तुमचं माहेरचं नाव एवढंच देते. ज्या मैत्रिणी किंवा त्यांच्या लेकी कळवतील, त्यांची पत्रं आधी माझ्याकडे येतील आणि मी ती तुमच्याकडे पाठवीन. होकार मात्र गुरुवारपर्यंत कळवा, आणि तोवर धरमपेठेत एक दुपार जाऊन या.